काही करत नाही हो ती

सुपारीला घेऊन निघतो तेव्हा
माझ्या पँटला अजून मिरचीचा वास असतो.
मसाला मार्केटातला हिशेब घरी आणला नाही
तरी बेडगी येतेच.
सुपारी दोनदा शिंकते, मग शेपटी हलवते.
याच क्रमाने.

कोपरखैरण्यातली आमची बाग लहान.
एक झोपाळा, त्याची एक साखळी नवी,
बदामाची चार झाडं,
पोरं चढून चढून पाठीचा रंग गेलेला सिमेंटचा हत्ती
आणि मधे हराळीचा तुकडा.
चटया टाकल्या तर दहा जण बसतील, एवढाच.
पण त्यावर अख्ख्या सेक्टरचा जीव.
सकाळी हात वर करून हसणारे,
दुपारी बूट काढून आडवे होणारे कुरिअरवाले,
संध्याकाळी कुणाची तरी नात पहिल्यांदा रांगते.
रात्री साडेनऊनंतर आम्ही दोघं.

समोरून कुणी अंग चोरून गेलं
की मी म्हणायचो, काही करत नाही हो ती.
इथे सगळेच म्हणतात.
वाघुळद्यांचा लॅब्राडोर मोकळा सुटतो,
एका पोराच्या हातातली भेळ मातीत जाते,
तरी ते लांबूनच, फोन न सोडता,
काही करत नाही तो!
पोरगं तोवर हत्तीवर.
त्याला खाली कोण उतरवणार
हे कुणी बोलत नाही.

त्या रात्री पिशवी विसरलो.
खिशात नुसती वजनकाट्याची पावती.
एमआयडीसीकडून तो गोडसर कुजका वास उतरलेला,
खांबावरचा दिवा गेलेला, बाक रिकामे.
सुपारीनं तीन गिरक्या घेतल्या
आणि हराळीतच जागा पसंत केली.
मी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं.
तिनंही पाहिलं, माझ्याकडे.
चल, म्हटलं.
ती हलेना. रोज मी वाकतो,
तेवढा वेळ थांबायचं तिच्या अंगवळणी पडलेलं.
दोरी ओढावी लागली.

सकाळी दूध आणायला गेलो
तर सत्यभामाबाई उकिडव्या बसून लव्हाळा उपटत होत्या.
मुखेडकडच्या. कंत्राटावर.
हातमोजे आहेत, कंत्राटदाराच्या कागदावर.
सरकत सरकत त्या तिथवर आल्या.
मी कुंपणाबाहेर.
ओरडता आलं असतं.
अहो बाई, एवढंच.
हिशेबाचा माणूस, दोन शब्द मोजत राहिलो.

त्यांनी हात वर धरून पाहिला.
शिवी नाही, काही नाही.
मातीत घासला, पाइपाखाली धरला, पुन्हा मातीत घासला
आणि डाव्या हातानं उपटायला लागल्या.
उजवा अंगापासून लांब,
दुसऱ्या कुणाचा असावा तसा.

बारा वाजता त्या डबा उघडतात.
ज्वारीची भाकरी, तिखट.
डाव्या हातानं खात नसतील.

चार दिवसांनी सांगितलं त्यांना. माझीच, म्हटलं.
त्यांना आठवेना कुठला दिवस.
रोजच कुणाचं तरी असतंय की, म्हणाल्या,
आणि विचारलं, नाव काय हिचं?
सुपारी? खाता व्हय तुम्ही?

आता दोरीच्या मुठीला दुधाच्या पिशव्या,
धुऊन, तारेवर वाळवून.
रद्दीवाल्याचं नुकसान बायको बोलून दाखवते.
कुणी समोरून आलं की दोरी आखडून कडेला होतो.
जुनं वाक्य सवयीनं ओठांशी येतं.
एखाद्या दिवशी निसटतंही.

मग वाकतो. गुडघा वाजतो. सुपारी थांबते.
पातळ पिशवीतून तळहाताला ऊब लागते.
कचरापेटी पलीकडच्या गेटपाशी,
एकशेचार पावलं.
तेवढा वेळ ती हातात असते.