अनुकरणवाचक शब्द

बहादरपूर फाट्याच्या पुढे, काटा साठवर गेला की
पुढच्या चाकातून तो यायचा.
पंचावन्नला नाही. ब्रेक दाबला तरी नाही.
साठ.

एकोणीसशे नव्व्याण्णवची झेन,
जनावरांच्या दवाखान्यातल्या ठाकूर डॉक्टरांकडून घेतलेली,
मागच्या सीटला अजून फिनेलचा वास.
खुळखुळ असती तर कळलं असतं, व्हीलकॅप.
कुईकुई असती तर ब्रेकचं पॅड.
वळणावर टकटक, तर एक्सल.
हे त्यातलं काहीच नव्हतं.

एकतीस वर्षं मी आठवीला शिकवलं:
पानांची सळसळ, नाण्यांचा छनछनाट,
डासांची भुणभुण. गाळलेल्या जागा भरा.
आणि आता स्टिअरिंगवर हात ठेवून बसलोय,
जागा रिकामी.

शकुंतला म्हणाली, लांबून विमान जातंय तसं.
शेजारचा भटू शिंपी मैलभर बसला,
उतरताना म्हणाला, मशीनला तेल नाही.
जावई फोनवर म्हणाला, विका.

मग एका पाठकोऱ्या प्रश्नपत्रिकेवर मी यादी केली.
घरघर. खोडलं, ती घशाची.
गुरगुर. त्यात राग असतो, यात नाही.
घूंघूं भुंग्याची, पण भुंगा मधे थांबतो.
भरभर हा तर नुसता वेग.
बारा शब्द, बारा रेघा.

पारोळ्यात अमळनेर नाक्यावर युनूस मन्यारचं गॅरेज.
एप्रिल, दुपारचे तीन, पान्याला हात लावला तर चटका.
युनूसला एका कानानं लहानपणापासून कमी येतं
आणि आख्खा तालुका त्याच्याकडे आवाज घेऊन येतो.
मी कागद पुढे केला.
त्यानं वाचला, सावकाश, ओठ हलवत,
मग त्याच कागदाला बोटं पुसली.
"सर, कोनती बाजूले वाजस?"
उजवीकडे. शंभर टक्के.
"चला."

तो शेजारी बसला, बहिरा कान माझ्याकडे.
पऱ्हाट्यांनी भरलेली एक बैलगाडी गेली, मग रस्ता मोकळा.
साठ.
"जरासं उजवीकडे ल्या."
आवाज फुगला.
"आते डावीकडे."
आवाज मेला,
कुणी आत आल्यावर बोलणं तोडावं तसा.
"डावं चाक शे, सर."
पण मला तर उजवीकडून...
"ज्यानावर वजन पडस, तो बोलस.
लोखंड शे. आठेना आवाज तठे लई जास."

जॅक लावला. चाक अधांतरी.
गोकुळ नावाचा पोरगा ते हातानं फिरवत राहिला.
युनूसनं माझं मनगट धरलं
आणि माझा तळहात आतल्या स्प्रिंगवर ठेवला.
"कान नको. हात."

आणि तिथे होतं.
नुकतं टाकवलेल्या जात्याचं पहिलं पीठ,
कळण्याची भाकरी, दुसरा घास,
दाढेखाली कच.
आवाज नव्हताच तो.
मी कानाचे शब्द शोधत बसलो होतो
आणि हा दाताचा निघाला.

कच, मी मोठ्यानं म्हणालो.
गोकुळ हसला. युनूसला ऐकू गेलं की नाही, माहीत नाही.
बेअरिंग निघायला दीड तास लागला.
हातोडीचं ठण मात्र स्वच्छ होतं,
थेट पाठ्यपुस्तकातलं.

परतताना साठ, पासष्ट. काही नाही.
मग काचेचा बारीक थरथराट,
डिकीत स्टेपनी,
कप्प्यात चष्म्याची डबी,
इतके दिवस त्याच्या आड दबून बसलेले सगळे
एकेक करून बोलायला लागले.

कागद गाडीतच आहे.
बारा खोडलेले शब्द, ग्रीसची चार बोटं
आणि खाली युनूसच्या हातचं बिल:
डावी बेअरींग हजार. मजूरी तिनशे.
दोन दीर्घ चुकलेत, एक ऱ्हस्व.
लाल पेन खिशातच होतं.
राहू दिलं.