श्वासाच्या जागा

टांपेरेच्या त्या तळघरात मी टेप फिरवायचो.
भिंतींना अंड्यांचे ट्रे ठोकलेले,
पलीकडे गिरणीचा बॉयलर. त्याची घरघर
काही केल्या टेपवर यायचीच, थोडीशी.

हिल्का साल्मेनोया बुधवारी यायची,
पाळी सुटल्यावर, केसांत कापसाचे तंतू,
गाणं पगाराच्या पाकिटावर लिहिलेलं.
गायची ती फक्त दाखवायला:
चाल इथे वळते. इथे थांब. इथे श्वास घे.
श्वास वेइक्कोसाठी.
त्याचं एक फुफ्फुस युद्धातच राहिलं होतं,
म्हणून ती ओळी आखूड बेतायची,
वाढत्या पोराची नव्हे,
वाळत चाललेल्या माणसाची बाही बेतावी तशा.

वेइक्को उभ्या देशाला रडवायचा.
तबकडीवर तिचं नाव शोधायला चष्मा लागे.
एकदा विचारलं, वाईट नाही वाटत?
म्हणाली, शिंपी काय वरातीत मिरवतो?
आणि कॉफीत पाचवी साखर टाकली.

ती टेप रेडिओला मी पाठवली.
वेइक्को इस्पितळात होता, तबकडी अडली होती,
ही सगळी कारणं नंतर सुचली.
तिला विचारलं नाही.
आजवर कुणाला सांगितलंही नाही.

गोठलेल्या तळ्यावर कुणीतरी विसरलेली खुर्ची,
एवढंच होतं त्या गाण्यात.
एप्रिलपर्यंत बर्फ वितळला,
खुर्ची मात्र घराघरात पोचली.

जूनमध्ये तळ्याकाठच्या नाचाच्या मांडवात
ती पहिल्यांदा माइकसमोर. उसना निळा झगा,
बगलेत टाचण्या. जोडपी नाचत होती,
आणि ओळ मध्येच तुटली की
सगळ्यांचा एकेक पाय हवेत.
एक बाई नंतर म्हणाली,
वेइक्कोची गाणी छान म्हणता हो तुम्ही.
हिल्का म्हणाली, आभारी आहे.

तिची फुफ्फुसं धडधाकट होती.
मागांच्या खडखडाटावरून हाक मारणारी बाई ती,
अख्खं कडवं एका दमात गेली असती.
पण श्वास तिथेच घ्यायची,
वेइक्कोच्या जागी, शेवटच्या दौऱ्यापर्यंत.
पेपरवाले त्याला शैली म्हणाले.
आता शाळकरी पोरीही तशाच अडखळत गातात,
कशासाठी ते ठाऊक नसताना.

वेइक्को मांडवाच्या मागे उभा होता त्या रात्री,
हातात सॉसेज, मोहरी बोटांवर ओघळलेली.
ओठ मिटलेले,
पण छाती बरोबर त्या त्या जागी वर येत होती.

गिरणी बंद झाली. तिथे आता पोहण्याचा तलाव आहे.
बॉयलर मात्र दर नाताळात
रेडिओवर घरघरतो, तिच्या आवाजामागे.
मी तो पुसू शकलो असतो.