चारशे दहा फूट

तहान लागल्यावर विहीर खणणारे
माझ्या बापाच्या वेळी यायचे.
माझ्याकडे येतात ते तहानेच्या बरेच आधी,
सिअ‍ॅटलहून, सॅक्रामेंटोहून,
हातात छापील यादी.

हिमकडा नसलेले दिवस किती?
हायवे किती मैल? धरण कुठल्या अंगाला?
वणवा आलाच तर बाहेर पडायला रस्ते किती?
दोन. त्यातला एक लाकडी पुलावरून.
माती किती हात, मग दगड कुठे,
आणि पेट्रोलच्या एका टाकीच्या अंतरात
माणसं किती?

गॅरेट लिंडक्विस्टनं हे विचारलं तेव्हा
मी ड्रिलचा दांडा पुसत होते.
म्हटलं, काल विचारलं असतंस
तर तीन कमी सांगितली असती.
त्याची बायको हसली.
त्यानं आकडा लिहून घेतला.

बापाची नोंदवही निळ्या पुठ्ठ्याची,
कोपरे डिझेलनं काळे.
१९७१, बर्च क्रीकचा उतार: ऐंशी फूट. पाणी गोड.
१९८८, त्याच्या पलीकडे: एकशे पस्तीस. किंचित गंधक.
त्यापुढे अक्षर माझं.
दोनशे साठ. तीनशे दहा.
दुसऱ्याचं पाणी घ्यायला कुणीच आलं नव्हतं.
प्रत्येकानं आपापल्या जमिनीत
सरळ खाली भोक पाडलं, एवढंच.
खाली कुंपण नसतं,
हे मी कोटेशनमध्ये लिहीत नाही.

गॅरेटला चारशे दहावर लागलं.
त्यानं पंप बसवला, छपरावर सौर पट्ट्या,
तळघरात तीन वर्षांचा गहू,
डब्यांवर तारखा मुलीच्या हस्ताक्षरात.

मग जानेवारीत पडता पडता गोठणारा पाऊस.
तारा तुटल्या. पट्ट्यांवर काचेचा थर.
अकरा दिवस काउंटी अंधारात,
त्याच्या बॅटऱ्या तिसऱ्या रात्री गेल्या.

हुल्डा ओमोट, वय एक्याऐंशी.
तिच्या परसात सासऱ्यानं बसवलेला हातपंप.
सकाळी किटलीभर उकळतं पाणी ओतून
ती दांडा सोडवायची,
तोवर बादल्यांची रांग पत्रपेटीपर्यंत.
माझेही दोन कॅन होते रांगेत.
काउंटीभर भोकं पाडणारीच्या घरी
थेंब नव्हता.

चौथ्या दिवशी शेवटी उभा गॅरेट.
हुल्डानं विचारलं, कुठला रे तू?
त्यानं बोट दाखवलं,
तिच्याच कुंपणापलीकडचं छप्पर.
दोन वर्षं झाली, म्हणाला.
असं होय, म्हणाली. बादली नीट धर.

एप्रिलमध्ये त्याचा फोन.
हातपंप बसवून देशील?
म्हटलं, चारशे दहावरून
माणसाच्या हातानं पाणी ओढलं जात नाही.
बराच वेळ गप्प. मागे कुत्रं भुंकत होतं.
मग: हुल्डाचा किती खोल?
अडतीस.
तेवढ्यावर कुठे लागेल आता?

मी वही उघडली, उगाच.
गेल्याच आठवड्यात हुल्डाच्या नळीत
दोरी सोडून पाहिली होती.
शेवटचे सहा फूट ओली निघाली.
मागच्या वसंतात नऊ.
हुल्डाला अजून सांगितलं नव्हतं.

ऐकू येतंय ना, तो म्हणाला.
येतंय, म्हटलं.
बाहेर अंगणात
ओरेगॉनच्या नंबरप्लेटची गाडी येऊन थांबली होती,
आणि एक तरुण बाई उतरून
खिशातून घडी केलेला कागद काढत होती.