आचाओच्या बंबखान्यात, शेवटच्या रात्री

बेटावर थिएटर नाही. म्हणून दोन्ही बंब
बाहेर पावसात उभे केले, आणि आत
शाळेच्या, चर्चच्या, माझ्या बहिणीकडच्या खुर्च्या मांडल्या.
पडदा म्हणजे शिडाचं कापड, मधोमध एक ठिगळ.
तीन दिवस ज्याच्या त्याच्या गालावर
देवीच्या वणासारखं ते उमटत राहिलं.

प्रोजेक्टर माझ्याकडे होता. चौदा लघुपट,
आणि एक वायर, जी हाताने दाबून धरली
तरच जिवंत असते.

परीक्षक उर्सुआ सान्तियागोहून आलेले.
दोन रात्री ओल्या मोज्यांत काढून
आता मफलर सावरत बोलत होते.
विशेष उल्लेख: निबाल्दो बार्रिया, वय सोळा.
त्याच्या लघुपटात वडील दिसतच नाहीत,
नुसते त्यांचे गमबूट, दाराशी,
भरतीची वाट बघत बसलेले.
टाळ्या पडल्या. मागच्या रांगेत वडील
स्वतःच्या पायांकडे बघत राहिले.

पहिलं बक्षीस: 'दोर', अकरा मिनिटं,
दिग्दर्शिका एलियाना नाउएल्किन.

त्यात एक घर चालतं.
खरंच चालतं. सोळा बैल, खाली ओंडके,
टेकडीवरून खाडीत उतरतं, मग होड्यांमागे
तरंगत पलीकडच्या काठाला.
खिडकीतला पडदा काढायचा राहून गेलाय.
मालकीण काठाकाठाने चालते आहे
हातात किल्ली घट्ट धरून,
जसं काही घर तिच्याआधी पोचलं
तर तिला बाहेर ठेवेल.

उर्सुआ म्हणाले, कॅमेऱ्याचा तो कंप!
त्यात एका अख्ख्या समाजाचं विस्थापन आहे.
आणखीही बरंच काही आहे, म्हणाले.

एलियाना माइकपाशी आली. घसा खाकरला.
"एका हातात दोर होता," म्हणाली.
"माणसं कमी पडली होती."

आणि भोंगा वाजला.

पहिल्या रांगेतले चार उठले,
भिंतीपाशी उभे होते ते सगळे, निबाल्दोचे वडील,
आवाजाचं बघणारा रोहेलियो, आणि ती.
वीतभर लाकडी होडी, तिचं बक्षीस,
तिने उर्सुआंच्याच हातात परत दिली,
तान्हं मूल शेजारणीकडे द्यावं तशी. "जरा धरा."

इथे बंबवाल्याला पगार नसतो.
आत्ता टाळ्या वाजवणारे हात
दहा मिनिटांनी पाइप धरतात.

शिडाच्या कापडावरून लाल दिवा फिरला
आणि गेला. उर्सुआ उभेच. बसावं की नाही कळेना.
मी म्हटलं, बसा. आणि दुसरं काही सुचेना म्हणून
'दोर' पुन्हा लावला.

निम्म्या खुर्च्या रिकाम्या, आणि पडद्यावर
आत्ताच उठून गेलेली तीच माणसं:
रोहेलियो बैलांना शिव्या घालतोय,
निबाल्दोचे वडील गुडघाभर पाण्यात,
पायांत तेच गमबूट.
कंप आला तेव्हा उर्सुआ काही बोलले नाहीत.
मी वायर धरून होते, मला मागे वळता आलं नाही.

पावणेचारला बंब परतले.
कुराकोच्या वाटेवर कुणाचं तरी मांस धुरवण्याचं खोपटं जळालं होतं.
म्हातारा वाचला. डुकराच्या तंगड्या गेल्या,
त्यावरून तो अजून भांडतोय म्हणे.
एलियानाची एक भुवई होरपळलेली.
दारातूनच विचारलं, "माझी होडी?"

उर्सुआ झोपले होते, होडी छातीशी धरून.
त्यांना उठवायचं कुणाच्या जिवावर आलं.
पण बंब तर आत घ्यायचे होते.
मग त्यांच्या भोवतीच्या खुर्च्या काढल्या,
आणि शेवटी त्यांची खुर्ची,
चौघांनी चार पाय धरून,
त्यांच्यासकट, मफलरसकट, "हळू, हळू" करत
भिंतीपर्यंत नेली.