हुडका

जुन्या पानावर आधी दिसायचे ते फेटा बांधलेले कुलगुरू,
खाली सरकणारी लाल पट्टी,
आणि तिच्या शेपटीला लुकलुकणारं 'नवीन'.
सात वर्षं ते नवीनच होतं.

खोलीचा अर्ज नव्हता असं नाही.
प्रशासन, मग विद्यार्थी कल्याण,
मग परिपत्रके, मग संकीर्ण,
तिथं तिरकं स्कॅन केलेलं एक पान,
कोपऱ्यात कुणाचा तरी अंगठा आलेला.

अकरा महिन्यांच्या करारावर काम माझ्याकडं आलं.
पत्रात होतं : 'संकेतस्थळ अद्ययावत व सुशोभित करणे.'
सुशोभित.
पंधरा दिवस मी रंगच लावत बसले.

मग एका दुपारी लाईट गेली,
इन्व्हर्टर आधीच मेलेला,
म्हणून खाली जाऊन बसले वसतिगृहाच्या खिडकीशी.
खिडकीत गफूरचाचा. हुद्दा शिपाई.
समोर मुदखेड, हदगाव, देगलूर,
उमरीहून आलेली एक आई,
पिशवीत टीसी, जातीचा दाखला, फडक्यात धपाटे.

'खोली भेटंल का?'
'पोरगा का पोरगी? कितवीला? गाव किती लांब?'
तीन प्रश्न. मग हात गजातून बाहेर :
'टाकीपासून डावीकडं. आधी चलान, मग फोटो.
चार वाजायच्या आत, बेटा.'
मी घड्याळ लावलं. माणशी चाळीस सेकंद.
परत विचारायला कुणी आलं नाही.
माझ्याच पानावर मला सहा मिनिटं लागली होती.

रांगेच्या बाहेर, भिंतीला टेकून
सुमेधा गजभारे, मुक्काम बोधडी, तालुका किनवट.
मुदत परवाच संपलेली.
'मी लई हुडकलं ताई. हॉस्टेल लिवलं, होस्टेल लिवलं,
कायच नाही म्हणू लालंय.'
तिनं फोन पुढं केला. तडा गेलेल्या काचेत
'आपल्या शोधाशी जुळणारे काहीही आढळले नाही.'
ते वाक्य माझं होतं.
ऱ्हस्वदीर्घ दोनदा तपासून घातलेलं.

त्या रात्री मी रंग काढले.
फेटा काढला, पट्टी काढली,
वर ठेवले चाचाचे तीन प्रश्न, त्याच क्रमानं.
होस्टेल, हाष्टेल, रूम, बोर्डिंग, राहायची सोय,
जे लिहाल ते एकाच दारात आणून सोडलं.
आणि चौकोनाशेजारच्या बटणावर लिहिलं : हुडका.

बैठकीत चहा गार होईतो चर्चा फोटोवर.
मग कुणीतरी म्हणालं, 'हे हुडका काय?
विद्यापीठ आहे मॅडम, आठवडी बाजार नाही.'
मी 'शोधा' केलं.
फोटो आत एका पानावर गेला, सगळे खूश झाले.
आत, कोडमध्ये, त्या बटणाचं नाव अजून तेच आहे.
ते वाचायला कुणी येत नाही.

सुमेधाचं नाव पुढच्या यादीत मी बघितलं.
नव्हतं. त्याच्या पुढच्याही.
किनवटच्या गाडीत बसली, एवढं चाचाला ठाऊक.

आता मी रोज सकाळी नोंदी वाचते,
रात्री कोण काय हुडकत होतं ते.
मेसचे पैसे. खोली बदलणे. मेसचे पैसे.
आणि परवा, दोन वाजून अकरा मिनिटांनी,
'पोरीला एकटीला ठेवलं तर चालंल का'.

ह्याला कुठलं पान जोडावं?
नियमावली? वॉर्डनचा संदेश?
खाली जाऊन चाचाला वाचून दाखवलं.
त्यानं चष्मा काढला, पुसला, परत वाचायला लावलं.
'माझा नंबर टाक,' म्हणाला,
'असल्याला बोलावं लागतंय.'

म्हणून त्या शोधाला आता एकच उत्तर येतं,
दहा आकडे, बोटाला लागतील एवढे मोठे.
त्याखाली, ठळक,
चार वाजायच्या आत.