मुदतवाढीचा अर्ज

अर्जात एक रकाना आहे : विलंबाचे कारण.
दोन ओळी सोडल्यात त्यांनी,
त्यात मला सात वर्षं बसवायचीत.

सातव्या वर्षी प्रबंध शिळ्या भाकरीसारखा होतो,
टाकवत नाही, गिळवत नाही.
चौथं प्रकरण परत आलंय,
समासात सरांची हिरवी शाई : नमुने अपुरे.
बस, एवढंच.
लाल शाई सर वापरत नाहीत,
पोरांचं मन दुखतं म्हणतात.

शिष्यवृत्ती पाचव्या वर्षी संपली.
आता चेंबूरच्या एका कॉलेजात
परीक्षानळ्या मोजून देते,
मोजून परत घेते.
माझ्यासोबत नाव नोंदवलेली शर्वाणी
दुसऱ्यांचे प्रबंध तपासते.
आई फोनवर विचारते, किती राहिलं गं?
सोसायटीचा लिफ्टमन विचारतो,
मॅडम, संपलं का तुमचं ते मासोळीचं?
आणि दिवा मालवल्यावर, अंधारात,
मीच विचारते.
किती राहिलं.

मासोळी म्हणजे निवटी.
बोटभर लांब, डोळे डोक्यावर,
ओहोटी लागली की इतर मासे पाण्यामागे पळतात,
ही मागे राहते.
कल्ल्यांत घोटभर खाडी धरून
चिखलावर येते,
कोपरांवर रांगते, भांडते, उड्या मारते,
घोट सुकत आला की डबक्यात एक डुबकी,
पुन्हा वर.
यात शौर्य वगैरे काही नाही.
मी पहिल्या प्रकरणात तसं लिहिलं होतं,
सरांनी खोडलं, बरं केलं.

गेल्या शनिवारी मी माहुलला गेले
ते खुंट्या उपटायला.
बारा चौकटी, अठ्ठेचाळीस बांबूच्या खुंट्या,
लाल चिंध्या बांधलेल्या, सात वर्षांच्या.
भांगाची ओहोटी होती, पाणी फार लांब गेलं नव्हतं,
रिफायनरीचा वास होता, तिवरांत बगळे होते,
आणि कुणाला काही सांगायचं नव्हतं.
पहिली खुंटी आली.
दुसरी आली.
तिसरी येईना.
चिखलानं तिला असं धरलं होतं
जसं काही तीच माझी गाइड.

वाकलेच होते म्हणून मोजली बिळं.
सवय, दुसरं काय.
अकरा, बारा,
एक निवटी शेपटीवर उभी राहून बघतेय,
तेरा.

धाकू तांडेल होडीतून ओरडला,
"आज किती गं?"

हा माणूस सात वर्षं हेच विचारतोय.
किती राहिलं, असं कधीच नाही.
कशासाठी मोजतेस, असंही नाही.
मी म्हटलं, अजून मोजतेय. तुम्हाला?
"सात चिंबोऱ्या," तो म्हणाला,
"काल एकपन नव्हती,"
आणि दोन्ही वाक्यं त्यानं एकाच सुरात म्हटली,
मग वल्हं मारत गेला तिवरांमागे,
उद्याची गोष्टही न काढता.

मी बराच वेळ तशीच, गुडघाभर.
मग त्या दोन खुंट्या परत रोवल्या.
अंदाजानं. दोनेक बोटं डावीकडे सरकल्या असतील,
पद्धतीच्या प्रकरणात नोंदवायला हवं.
चौकट पाच : एकोणतीस.
चौकट सहा : चौदा.
सातपर्यंत पोचले तेव्हा पाणी घोट्याला लागलं.

चौथं प्रकरण अजून तसंच आहे.
सोमवारी खिडकीपाशी उभी राहून
अर्ज भरला.
विलंबाचे कारण : भरती,
असं लिहून खोडलं.
मग लिहिलं, नमुने गोळा करणे चालू आहे.
कारकून म्हणाला, ताई, हे कारण होत नाही.
म्हटलं, दुसरं नाहीये.

सही करताना नखातला चिखल
कागदाला लागला, तारखेच्या जरा वर.
त्यानं रबर पुढे केलं.
राहू द्या, मी म्हटलं,
एक नमुना वाढला.