४१७ / ब

शेठना सोमवारच्या बैठकीसाठी तक्ता हवा आहे:
दोन देश, पाच वर्षं, कठीण लाकडाचे गोल ओंडके,
कोणी किती घनमीटर उतरवले.
डावीकडे आपण, उजवीकडे व्हिएतनाम.
"रंग वेगवेगळे द्या, संज्योतबाई," हंसराजभाई म्हणाले,
"लांबून दिसलं पाहिजे."

आपल्याला तपकिरी दिला, त्यांना हिरवा.
तपकिरी खांब चढतो, अडखळतो, पुन्हा चढतो.
हिरवा एका वर्षी कागदाबाहेर जायला बघतो,
म्हणून मी माप लहान केलं.
बोटभर रेघेत आता अख्खं जहाज मावतं.

लकडगंजात मे महिना म्हणजे
कूलरच्या ताट्यांतून आत येणारा भुसा.
रजिस्टरवर, डब्यातल्या पोळीवर, भांगात.
सागाचा असला तर वास कळतो मला,
जुन्या चामड्यासारखा, थोडा तेलकट.
बाहेरच्या मालाचा नाही कळत.
आरेवाले त्या सगळ्यालाच म्हणतात बोटीवाला,
मग तो कुठल्याही किनाऱ्यावरून निघालेला असो.

घनमीटर म्हणजे काय, हे पहिल्या महिन्यात शिकले:
साल वजा, पोकळ वजा, वाकडं वजा,
पक्षी तर कोणी धरलेलेच नव्हते.

दुपारी जंगलू मडावी आला, टेप गळ्यात.
आलापल्लीकडचा. हत्तींना ओंडके ओढताना पाहिलेला माणूस.
"या जी मॅडम, एक गंमत दाखोतो."

अजनीच्या डेपोतून सकाळी आलेला ढीग.
टोकांना लोखंडी एस ठोकलेले, लाकूड फाटू नये म्हणून,
घाईत घातलेल्या टाक्यांसारखे.
एकावर पांढऱ्या रंगात: ४१७ / अ.

"एका झाडाचे तुकडे करते तं असे आकडे टाकते.
बुडखा अ, मधला ब, शेंड्याकडला क.
अ हा. क तो पाहा, खालतं दबला.
ब नाही. तीनदा पाहलं.
कोठी गेला असन जी?"

मला ठाऊक होतं.
म्हणजे ठाऊक नव्हतं,
पण त्याला ठेवायला माझ्याकडे जागा होती.

टेबलाशी परत येऊन तक्त्याखाली एक ओळ वाढवली:
डावा आकडा अधिक उजवा आकडा.
शेठनी चष्मा कपाळावर चढवला.
"दोघांची बेरीज कशाला? ते तर आपल्यासमोरचे गिऱ्हाईक.
ते जास्त उचलतात म्हणून आपल्याला भाव चढा पडतो."
खरं होतं. मी ओळ खोडली.
खोडल्यावर तक्ता बरा दिसायला लागला,
खोटं कशाला बोलू.

पाचला वीज आली, आरा सुरू झाला.
अ ची पहिली फळी निघाली लाल, भिजल्या विटेसारखी.
मी वळ्या मोजायला वाकले.
वळ्या नव्हत्याच.
नुसता लाल, या कडेपासून त्या कडेपर्यंत.

"तिकडं पाऊस थांबतच नसन," जंगलू म्हणाला,
"झाडाले वर्ष सरल्याचं समजत नसन."

मी पाच वर्षांच्या कागदाची घडी घातली.
पदरावरचा भुसा झटकला, सगळा गेला नाही.
क अजून खालीच होता.